मर्यादा फक्त शंका घेणाऱ्याच्याच बुद्धीला?

देवाच्या अस्तित्वावरचा वाद आपल्याकडे आता फार पुढे जातच नाही. कुणी शंका काढली की समोरून शांतपणे एक वाक्य येते: माणसाच्या बुद्धीला मर्यादा आहेत. ते उच्चारले की प्रश्न मिटला असे धरून सगळे पुढच्या विषयाकडे वळतात. कीर्तनात ते ऐकू येते, व्याख्यानमालांत ऐकू येते, दिवाळी अंकांतल्या परिसंवादांत छापून येते. सकाळी फिरून आल्यावर बाकावर टेकलेले निवृत्त अभियंते आणि प्राध्यापकही तेच सांगतात. ज्यांनी आयुष्यभर आकडेमोड करून पूल बांधले, औषधांची मात्रा ठरवली, ताळेबंद तपासले, तीच माणसे देवाचा विषय निघाला की बुद्धीच्या तोकडेपणाचे दाखले देऊ लागतात. याचा मला मनापासून राग येतो. कुणाच्या देवघरावर माझा राग नाही. एका सदोष युक्तिवादाला शहाणपणाचा मान मिळतो, त्यावर आहे.

हा युक्तिवाद पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे, म्हणून तो आधी त्यांच्याच बाजूने सांगते. विश्व अफाट आहे आणि माणूस त्यातला एक कण. त्याच्या डोळ्यांना सगळा प्रकाश दिसत नाही, त्याच्या कानांना वटवाघळाचा आवाज ऐकू येत नाही. जाणीव कशी निर्माण होते हे विज्ञानाला अजून सांगता आलेले नाही, विश्वाच्या आरंभापूर्वी काही होते का हेही नाही. खुद्द गणितात ग्योडेलने दाखवून दिले की सगळीच सत्ये सिद्ध करता येत नाहीत. भौतिकीत हायझेनबर्गने अनिश्चितता आणून ठेवली. रामानुजनसारख्या गणितज्ञाला सूत्रे देवीने स्वप्नात दिली. मग असल्या अपुऱ्या साधनाच्या भरवशावर देव नाही असे म्हणण्याचा उद्धटपणा कशाला? मुंगीला हत्ती कसा कळणार? तर्क बाजूला ठेवा, श्रद्धेने पाहा.

हे ऐकायला नम्र वाटते, म्हणूनच पटते. पण या नम्रतेतून निष्कर्ष काय काढला जातो ते पाहा. बुद्धी अपुरी आहे हे पूर्ण मान्य केले तर देव नाही असे ठामपणे म्हणता येत नाही. बरोबर. आणि देव आहे असेही ठामपणे म्हणता येत नाही. अपुऱ्या बुद्धीतून या दोन्ही गोष्टी सारख्याच निघतात. तो एक आहे की अनेक, साकार की निराकार, त्याला एकादशीचा उपास हवा की संकष्टीचा, सुतक असताना त्याला हात लावलेला चालतो की नाही, हे सारे ज्यांना नेमके ठाऊक आहे त्यांना ते कोणत्या साधनाने कळले? त्यांच्या कवटीतही तोच मानवी मेंदू आहे. मुंगीला हत्ती कळत नसेल, तर हत्ती दयाळू आहे, तो मुंग्यांच्या पापपुण्याचा हिशोब ठेवतो आणि त्याला अमुक फूल आवडते, हेही मुंगीला कळणार नाही. हा दाखला देणाऱ्याने स्वतःला मुंग्यांतून वगळलेले असते. शंका घेणाऱ्याच्या बुद्धीला तेवढ्या मर्यादा, आणि विधान करणाऱ्याच्या बुद्धीला मात्र मुक्त संचार? ही विभागणी कुणी केली?

बुद्धीच्या मर्यादा ज्यांनी खरोखर मनावर घेतल्या ती माणसे कशी वागली, याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. गोपाळ गणेश आगरकर मिल आणि स्पेन्सर वाचून अज्ञेयवादापर्यंत आले. विश्वाच्या मुळाशी काय आहे ते आपल्याला कळू शकत नाही, असे त्यांचे मत होते. ते तिथेच थांबले. जे कळत नाही त्याच्या नावाने विधवेचे केशवपन करा, मुलीचे लग्न अमुक वयाच्या आत लावा, अमक्याच्या हातचे पाणी पिऊ नका, असे त्यांनी कुणाला सांगितले नाही. उलट असे सांगणाऱ्यांना 1888 पासून 'सुधारक'मधून जाब विचारला. त्याबद्दल पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. काढणाऱ्यांना विश्वाचे गूढ आगरकरांपेक्षा जास्त कळले होते असे म्हणायचे का? अज्ञान मान्य करणारा माणूस उद्धट ठरला, आणि अज्ञानावर आज्ञांची इमारत चढवणारे नम्र ठरले. शंभरहून अधिक वर्षे झाली तरी आपण ही उलटापालट दुरुस्त केलेली नाही.

इंद्रियांच्या मर्यादेचा दाखला तर मला अगदीच अप्रस्तुत वाटतो. डोळ्यांना अवरक्त प्रकाश दिसत नाही हे खरे. पण तो आहे हे आपल्याला कळले कसे? 1800 साली विल्यम हर्शेलने लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापी ठेवली आणि पारा चढला. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या परिसरात 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. कोणत्याही डोळ्याला न दिसणाऱ्या रेडिओलहरी त्या टिपतात, अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्यासुद्धा. इंद्रियांची मर्यादा बुद्धीने ओळखली आणि बुद्धीनेच ओलांडली. ज्या गोष्टीने कुंपण दाखवले आणि त्यावरून उडीही मारली, तिच्याविरुद्ध त्याच कुंपणाची साक्ष काढायची?

ग्योडेलचे नाव ज्या सहजतेने घेतले जाते त्याचे मला नेहमी दुःख होते, कारण 1931 मधला तो सिद्धान्त मानवी विचाराच्या सर्वांत सुंदर निर्मितींपैकी एक आहे. तो काय सांगतो? अंकगणित मांडण्याइतकी समर्थ, अंतर्विरोध नसलेली आणि यांत्रिकपणे तपासता येणारी कोणतीही गृहीतकांची व्यवस्था घेतली, तर तिच्यात मांडता येणारे पण तिच्यातून सिद्ध होऊ न शकणारे सत्य विधान असतेच. हे विधान त्या व्यवस्थेच्या बाहेर, अधिक समर्थ व्यवस्थेत सिद्ध होऊ शकते. यात देव कुठे आला? कीर्तनातला चमत्कार कुठे आला? आणि हा सिद्धान्त स्वतः कसा मिळाला? ध्यानातून की साक्षात्कारातून? तो पायरी-पायरीने, तर्काने, सिद्धतेसह मिळाला. शिवाय त्याचे नाव घेणाऱ्यांना एक गोष्ट बहुधा ठाऊक नसते. ग्योडेल स्वतः आस्तिक होता आणि देवाचे अस्तित्व तर्कशास्त्राच्या चिन्हांत सिद्ध करण्याचा प्रयत्न त्याने केला होता. 1970 च्या सुमारास त्याने ती मांडणी आपल्या वर्तुळात दाखवली. म्हणजे ज्याच्या सिद्धान्ताचा आधार घेऊन तर्क बाजूला ठेवायला सांगितले जाते, त्याने स्वतः देवासाठी तर्क बाजूला ठेवला नाही. त्याची गृहीतके मान्य करावीत का, यावर तर्कशास्त्रज्ञ आजही वाद घालतात. वाद घालता येतो, कारण त्याने गृहीतके लिहून दिली आहेत. मला असा आस्तिक हवा आहे.

हायझेनबर्गबद्दल थोडक्यात. 1927 मधला त्याचा नियम म्हणजे काहीच कळत नाही अशी कबुली नाही. कणाचे स्थान आणि संवेग यांतली अनिश्चितता किमान किती असते, याचे ते समीकरण आहे. त्याच पुंज भौतिकीच्या हिशोबावर तुमच्या खिशातल्या मोबाइलची चिप चालते.

रामानुजनवर मात्र थांबायला हवे, कारण हे उदाहरण लोकांच्या मनाला भिडते. नामक्कलची नामगिरी ही त्यांच्या घराण्याची देवता, आणि आपल्याला सूत्रे तिच्याकडून मिळतात असे ते सांगत. त्यांच्या सांगण्यावर अविश्वास दाखवण्याचे मला कारण नाही. कल्पना माणसाला कुठून सुचते याचे नियम नाहीत. कुणाला अंघोळ करताना सुचते, कुणाला तापात. पण 1913 मध्ये रामानुजनची पत्रे केंब्रिजला गणितज्ञ हार्डीकडे गेली तेव्हा काय झाले ते पाहा. हार्डी आणि लिटलवुड ती सूत्रे घेऊन बसले आणि एकेक तपासू लागले. काही आधीच ठाऊक होती, काही थक्क करणारी होती, आणि मूळ संख्यांच्या वितरणाबद्दलची काही विधाने चुकीची निघाली. झीटा फलाच्या संमिश्र शून्यांचा विचार त्यांत राहून गेला होता. देवीने दिलेल्या सूत्रांत चूक कशी? श्रद्धावंताने या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. गणिताने दिलेले उत्तर सरळ आहे: सूत्र कुठून आले याला महत्त्व नाही, ते टिकते का याला आहे. जी टिकली ती सिद्धतेमुळे टिकली. 1916 साली रामानुजनने मांडलेले एक अनुमान तब्बल 58 वर्षे अनुमानच राहिले, आणि 1974 मध्ये डेलिन्यने सिद्ध केल्यावरच त्याला प्रमेयाचा मान मिळाला. देवीचे नाव घेऊन कुणी ती वर्षे वाचवली नाहीत. हार्डी नास्तिक होता आणि रामानुजन भाविक. तरी दोघांनी वर्षानुवर्षे एकत्र काम केले, कारण कसोटी दोघांचीही एक होती.

इथे दुसरा आक्षेप तयार असतो. हे सारे पाश्चात्त्यांचे, आपली परंपरा अनुभूतीची, तर्काची नव्हे. हा आक्षेप ऐकला की मला विचारावेसे वाटते, की आपली परंपरा आपण वाचली आहे का? दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास मिथिलेत उदयनाचार्यांनी 'न्यायकुसुमांजली' लिहिली ती कशासाठी? ईश्वर आहे हे तर्काने सिद्ध करण्यासाठी. जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता लागतो, परमाणू आपोआप एकत्र येत नाहीत, जग कुणीतरी धरून ठेवले आहे, असे एकामागून एक हेतू त्यांनी मांडले. श्रद्धा ठेवा म्हणजे कळेल, असे सांगून त्यांनी विषय संपवला नाही. आख्यायिका अशी की जगन्नाथाच्या देवळाचे दार बंद दिसले तेव्हा हा नैयायिक देवावर रागावला, आणि बौद्ध चालून येतात तेव्हा तुझे अस्तित्व माझ्या हातात असते, असे त्याने देवाला सुनावले. ईश्वर मानणाऱ्या माणसाचा तर्कावर एवढा विश्वास होता.

आणि त्याला उत्तर देणारेही तसेच जबर होते. विक्रमशीलेच्या रत्नकीर्तीने ईश्वरसिद्धीच्या अनुमानातले दोष दाखवणारा स्वतंत्र ग्रंथच लिहिला, 'ईश्वरसाधनदूषण'. बौद्धांचे सोडा, वेद प्रमाण मानणाऱ्यांचे पाहा. कुमारिल भट्ट हे मीमांसक, वैदिक कर्मकांडाचे कट्टर पुरस्कर्ते. त्यांनी 'श्लोकवार्तिका'त विचारले, की जग उत्पन्न होण्यापूर्वी निर्मात्याला शरीर कुठून होते, आणि शरीर नसताना त्याला इच्छा कशी झाली? करुणेने जग केले म्हणाल, तर ज्यांची कीव यावी असे प्राणी तेव्हा होतेच कुठे? करुणाच होती तर सगळे सुखीच का निर्माण केले नाहीत? सातव्या शतकातले हे प्रश्न आहेत. रामानुजाचार्य तर परमभक्त, वैष्णवांचे आचार्य. ब्रह्मसूत्रावरच्या 'श्रीभाष्या'त त्यांनी कर्त्याच्या अनुमानाची चिरफाड केली आहे. घट दिसला की कुंभार आहे हे खरे, पण आपल्याला माहीत असलेले सगळे कर्ते शरीरधारी असतात. मोठा वाडा एकट्याने बांधलेला नसतो, अनेकांनी बांधलेला असतो. सगळे जग एकाच वेळी, एकानेच केले याला आधार काय? अनुमानाने ईश्वर सिद्ध होत नाही, तो शास्त्रावरूनच मानायचा, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

रामानुजाचार्यांचा हा निष्कर्ष मला मान्य नाही, पण तो प्रामाणिक आहे. तर्काने देव सिद्ध होत नाही हे त्यांनी तर्काने दाखवले, आणि मग आपण कशाच्या आधारावर मानतो ते उघड सांगितले. शंकराचार्यांनीही तर्काला स्थैर्य नाही या सूत्रावर भाष्य करताना पूर्वपक्षाच्या तोंडी एक बिनतोड मुद्दा घातला आहे: तर्क अस्थिर आहे हेसुद्धा तुम्ही तर्कानेच ठरवता ना? त्यांनी हा मुद्दा झटकून टाकला नाही. काही विषयांत तर्क टिकतो हे त्यांनी मान्य केले, आणि जगाच्या कारणाबाबत मात्र श्रुतीचा आधार घेतला. आजच्या व्याख्यात्याला हा पूर्वपक्ष माहीतही नसतो. त्याला परंपरेचा अभिमान असतो, पण त्या परंपरेने ज्या कष्टाने वाद घातले ते कष्ट नको असतात. ऋग्वेदातले नासदीय सूक्त सृष्टीच्या उगमाबद्दल बोलताना शेवटी, वरून पाहणाऱ्यालाही हे ठाऊक असेल का, अशी शंका घेऊन थांबते. ज्या संस्कृतीच्या सर्वांत जुन्या ग्रंथात एवढे धैर्य आहे, तिचे नाव घेऊन प्रश्न बंद करायचे?

कांटचे नावही या बाजूने घेतले जाते. बुद्धीच्या मर्यादांचा सर्वांत मोठा शास्त्रकार तोच, हे खरे. पण 1781 च्या 'शुद्ध बुद्धीची चिकित्सा' या ग्रंथात त्याने त्या मर्यादा कशासाठी वापरल्या? देवाच्या अस्तित्वाचे जे तीन प्रकारचे पुरावे युरोपात शतकानुशतके चालत आले होते, ते तिन्ही मोडून काढण्यासाठी. अनुभवाच्या कक्षेबाहेर गेलेली बुद्धी भ्रम निर्माण करते, आणि हे भ्रम श्रद्धेच्या बाजूनेही होतात, असे त्याने दाखवले. ज्ञानाला हटवून श्रद्धेला जागा केली असेही तो म्हणाला, पण ती जागा नैतिक श्रद्धेची होती. चमत्कारांना आणि पुरोहितांच्या आज्ञांना ती त्याने दिली नाही. 1793 मध्ये त्याने धर्मावर पुस्तक लिहिले ते केवळ बुद्धीच्या सीमांमध्ये धर्म पाहणारे, आणि त्यावरून प्रशियाच्या राजाने त्याला तंबी दिली. त्याचा आधार घ्यायचा तर पूर्ण घ्यावा.

आता विज्ञानाला न कळलेल्या गोष्टींकडे येऊ. जिथे उत्तर नाही तिथे देव ठेवायचा, ही सवय जुनी आहे आणि देवालाच महाग पडलेली आहे. ग्रहांच्या परस्पर आकर्षणाने सूर्यमाला हळूहळू विस्कटत जाईल आणि देवाला मधून मधून ती नीट करावी लागेल, असे न्यूटनला वाटे. लाइब्निट्झ हा भाविकच होता, पण दुरुस्ती करत बसावे लागणारा देव त्याला कमीपणाचा वाटला. पुढे लाप्लासने गुरू आणि शनी यांच्या गतींतली विसंगती सुमारे 900 वर्षांचे चक्र असल्याचे दाखवले, आणि देवाचे ते काम संपले. आपल्याकडे देवीच्या साथीत तेच झाले. रोग म्हणजे शीतलामातेचा कोप, रोग्याच्या अंगात तीच आलेली, म्हणून औषध करायचे नाही, तिची शांत करायची. 14 जून 1802 रोजी मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला जेनरच्या पद्धतीची लस टोचली गेली. भारतातली ती पहिली. 1980 साली जगातून हा रोग गेल्याची घोषणा जागतिक आरोग्य संघटनेने केली. मधल्या पावणेदोनशे वर्षांत, बुद्धीला मर्यादा आहेत, असे म्हणून जे हात जोडून बसले त्यांच्या मुलांचे काय झाले? जाणीव म्हणजे काय ते आज कळत नाही हे मान्य. पण आज कळत नाही यावरून उद्याही कळणार नाही हे निघत नाही. आणि कधीच कळले नाही, तरी त्या रिकाम्या जागेत बसवलेले उत्तर केवळ जागा रिकामी आहे म्हणून खरे ठरत नाही.

सगळ्यांत अवघड जागा किल्लारी. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटे. आदल्या रात्री गणपतींचे विसर्जन करून गावे झोपली होती. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंपात जवळजवळ 10,000 माणसे गेली, त्यांत पाळण्यातली मुले होती. तेव्हा आणि नंतरही पुष्कळांनी सांगितले, की त्याची लीला आपल्या बुद्धीला कळत नाही. मला या वाक्याचा सर्वांत जास्त राग येतो. कारण ढिगाऱ्यातून कुणी जिवंत निघाले की तीच माणसे म्हणाली, देवाची कृपा. जगला त्याचा अर्थ लगेच कळला, मेला त्याचा मात्र अगम्य? देवाच्या योजना आपल्याला कळत नसतील तर तो दयाळू आहे हेही आपल्याला कळत नाही. दयाळू हे विशेषण वापरायचे तर ते माणसाच्या भाषेतले आहे, आणि माणसाच्या भाषेत झोपलेल्या मुलावर छप्पर पाडणाऱ्याला दयाळू म्हणत नाहीत. कुमारिलांचा प्रश्न तेराशे वर्षांनंतर किल्लारीच्या मातीत जसाच्या तसा उभा राहिला, आणि उत्तर तेव्हाही नव्हते.

बुद्धीने त्या पहाटेबद्दल काय सांगितले? तिने आपली मर्यादा लपवली नाही. दख्खनचे पठार स्थिर मानले जाई, आणि भूकंपाची वेळ आधी सांगता येत नव्हती, ती आजही येत नाही. पण माणसे का मेली हे बुद्धीने सांगितले. चिखलात रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या जाड भिंती, आणि वर्षानुवर्षे माती चढवून जड झालेली माळवदे. भिंती उकलल्या आणि वरचा भार झोपलेल्यांवर आला. हे कळले म्हणून पुढची घरे वेगळ्या रीतीने बांधता आली. लीला म्हणणाऱ्याला पुढचे घर कसे बांधायचे ते कुठून कळणार होते? आणि ज्यांना संतांचे नाव घेऊन हा प्रश्न बंद करायचा आहे त्यांनी तुकोबांकडे पाहावे. 1630 च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मूल गेले. त्यांनी विठ्ठल सोडला नाही, पण त्याला मोकळेही सोडले नाही. त्याच्याशी भांडले, आपल्या लेखी तो मेला असे म्हणण्यापर्यंत भांडले. तुकोबांना जे भांडण करता आले ते आपल्याला पाप का वाटावे?

शेवटचा आधार अनुभवाचा. तर्काने कळत नाही, अनुभव घ्या. अनुभव येतात, याविषयी मला शंका नाही. नामस्मरणात मन शांत होते, वारीत चालताना माणूस स्वतःला विसरतो, हे खोटे कशाला म्हणायचे? पण अनुभव आला हे एक विधान, आणि त्या अनुभवाच्या मागे जगाचा कर्ता आहे हे दुसरे. वारकऱ्याला विठ्ठलाचा अनुभव येतो, ख्रिस्ती माणसाला येशूचा, सूफीला अल्लाचा, आणि बौद्ध भिक्षूला ईश्वर न मानताही तसलीच शांती मिळते. या सगळ्यांच्या अनुभवांवरून एकच एक कर्ता कसा सिद्ध होतो, हे सांगायला पुन्हा तर्कच लागेल. ज्याला दारातून हाकलले त्यालाच मागच्या दाराने बोलवायचे.

इतके झाल्यावर समोरचे म्हणतात, की आम्ही बुवाबाबांबद्दल बोलत नाही, आम्ही उच्च तत्त्वाबद्दल बोलतो. बुद्धीच्या मर्यादेचा हा सगळा वाद निरुपद्रवी नाही, हे मला इथेच सांगायचे आहे. साप चावलेल्या माणसाला घोणस चावली की मण्यार हे बघत वेळ घालवता येत नाही. परळच्या हाफकिन संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून सर्पविषावरची लस तयार होत आली, ती वेळेत मिळाली तर माणूस वाचतो. त्याच वेळी कुणी मांत्रिक त्याला धरून ठेवतो आणि सांगतो, की डॉक्टरच्या बुद्धीपलीकडचे काही असते. हे वाक्य त्याने कुठून उचलले? सुशिक्षितांच्या व्याख्यानांतूनच ना? कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या कायद्यात देवाविरुद्ध एक शब्द नाही. तरी दीड दशकाहून अधिक काळ तो रखडला, सत्यनारायण बंद होईल, वारी बंद होईल अशी भीती घालून रखडवला गेला. त्या कायद्यासाठी झटणारे नरेंद्र दाभोलकर देवाच्या अस्तित्वावर वाद घालत फिरत नव्हते. ते तपासा, विचारा, पुरावा मागा, एवढेच सांगत होते. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी पुण्यात त्यांना गोळ्या घालून मारण्यात आले, आणि त्यानंतर काही दिवसांतच त्या कायद्याचा अध्यादेश निघाला.

म्हणून बुद्धीच्या मर्यादा सांगणाऱ्या प्रत्येक सभ्य, सुसंस्कृत वक्त्याला माझा प्रश्न आहे. तुम्ही संत आणि भोंदू यांत फरक करता. करायलाच हवा. तो कशाने करता? भोंदू सांगतो, की मला दिव्य दृष्टी आहे, तुमच्या बुद्धीला ते कळणार नाही. हे तुमचेच वाक्य आहे. त्याला खोटे ठरवताना तुम्ही त्याच्या बोलण्यातली विसंगती दाखवाल, त्याने दिलेली आश्वासने आणि झालेले परिणाम ताडून पाहाल, त्याला दिव्य शक्ती सर्वांसमोर सिद्ध करायला सांगाल. म्हणजे बुद्धीच वापराल, पुरावाच मागाल. भोंदूपुरती ती बुद्धी पुरेशी असेल, तर देव आहे, तो असा आहे आणि त्याला हे हवे आहे, या तुमच्या विधानांनाही तीच लावण्याचा हक्क मला आहे. तुम्ही मानता म्हणालात तर माझे तुमच्याशी भांडण नाही. तुम्हाला ठाऊक आहे असे म्हणालात, तर कसे ठाऊक आहे ते मी विचारणार, आणि माझ्या बुद्धीला मर्यादा आहेत हे उत्तर मी स्वीकारणार नाही.